शेपटीतली खरखर

आमचं मॉडेल हेलिकॉप्टर जमिनीपासून कमरेएवढं वर होतं आणि त्याची शेपटी आपोआप फिरली. साहेबांच्या हातातली स्टिक जागची हललेली नव्हती. मी त्यांच्या डाव्या खांद्याशी उभी होते आणि माझी नजर त्यांच्या अंगठ्यावरच होती. शेपटीनं एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि सगळं धूड कुशीवर पडलं. लाकडी पात्यांच्या ढलप्या उडाल्या. एक माझ्या निऱ्यांत येऊन अडकली.

साहेबांनी इंजिन बंद केलं. ट्रान्समीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मिस नवले, तुमचा रिसीव्हर."

एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तो बुधवार होता आणि सोमवारी आमचा सेट तपासायला सरकारी समिती येणार होती.

नगरच्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये आमचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. साहेब धरून सात माणसं, दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि माझं टेस्टिंगचं टेबल. साहेब हवाई दलातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य विमानातल्या रेडिओंमध्ये गेलेलं. मी अकोल्याची, पुण्याला रेडिओचा डिप्लोमा केलेली. मला घेतलं ते सोल्डरिंगसाठी. "बायकांची बोटं बारीक असतात," असं साहेब मुलाखतीत म्हणाले होते. सहा महिन्यांनी टेस्टिंगवाला नोकरी सोडून गेला, तेव्हा ते टेबल मी मागून घेतलं. बोटांबरोबर डोकंही आणलंय, असं मी त्यांना म्हणाले नाही. मनात मात्र होतं.

आम्ही बनवत होतो रेडिओ कंट्रोल. म्हणजे काय, तर हातात एक पेटी, ती ट्रान्समीटर. तिच्यावर दोन स्टिक. समोरच्या विमानात काड्यापेटीच्या दुप्पट आकाराचा एक डबा, तो रिसीव्हर. रिसीव्हरला जोडलेले चार सर्व्हो. सर्व्हो म्हणजे एक छोटी मोटर. तिला एक हात असतो आणि तो हात दांडी मागेपुढे करतो. तुम्ही स्टिक जेवढी हलवाल तेवढाच सर्व्होचा हात हलतो, जास्त नाही, कमी नाही. सर्व्हो परदेशी होते. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर मात्र आमचे. सर्किट साहेबांचं आणि बांधणी माझी.

एका सरकारी खात्याला तोफांच्या सरावासाठी निशाण म्हणून उडवायला बिनमाणसांची छोटी विमानं हवी होती. परदेशी सेट यायला वर्ष वर्ष लागायचं, म्हणून ते देशी सेट शोधत होते. आमचा सेट पास झाला तर ऑर्डर आमची. नाही झाला तर काय, ते साहेबांनी दिवाळीच्या आधीच सगळ्यांना चहाला बोलावून सांगितलं होतं. "मी कुणाला अंधारात ठेवणार नाही. ही ट्रायल गेली तर शेड परत करायची. तुम्ही आतापासून दुसरीकडे बघून ठेवा." त्या दिवशी कुणी चहा पुरा प्यायला नाही.

मग निशाणाच्या विमानाचा सेट हेलिकॉप्टरवर कशाला तपासायचा? हा साहेबांचा हट्ट. विमानाचा रेडिओ क्षणभर सुटला तरी ते पुढं तरंगत जातं. हेलिकॉप्टर तरंगत नाही. त्याची शेपटी एका जागी धरून ठेवायला सतत हुकूम लागतो. शिवाय ते थरथरतं किती! साहेब म्हणायचे, जो सेट हेलिकॉप्टरमध्ये टिकला तो कुठंही टिकेल. त्यांच्या मेहुण्यांनी जर्मनीहून मॉडेल हेलिकॉप्टरचा किट आणला होता. अडीच हात लांब, पोटात पेरूएवढं इंजिन. साहेबांनी वर्षभर घासून ते एका जागी हवेत धरून ठेवायचं शिकून घेतलं होतं. त्याच्या इंधनात एरंडेल असायचं. तो वास साडीतून दोन धुण्यांतही जात नसे.

गुरुवारी सकाळी मी रिसीव्हर उघडला.

थरथरणाऱ्या यंत्रातला रेडिओ बिघडला की पहिला संशय कच्च्या टाक्यावर. सोल्डरचा टाका वरून चकचकीत दिसतो आणि आतून सुटलेला असतो. यंत्र उभं असताना चालतं, हललं की तुटतं. मी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एकेक भाग ठोकून बघितला. काही नाही. तरी सगळे टाके पुन्हा दिले. फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारं क्रिस्टल बदललं. डबा स्पंजात गुंडाळला.

दुपारी रेंज टेस्ट केली. ट्रान्समीटरची एरियल पूर्ण आत सारायची म्हणजे त्याचा आवाज क्षीण होतो, आणि मग पावलं मोजत लांब जायचं. आमचे मिस्त्री हेलिकॉप्टर छातीशी धरून उभे राहिले. मी चालत चालत स्टिक हलवायची आणि शेपटीचं पातं हललं की ते हात वर करायचे. साठ पावलांपर्यंत त्यांचा हात वर गेला. अशा आत सारलेल्या एरियलला चाळीस पावलं मिळाली तरी पुष्कळ झाली.

"बाई, चांगलं चाललंय की," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी नवी पाती चढवून साहेबांनी ते उडवलं. अर्ध्या मिनिटात शेपटी पुन्हा झटकली. या खेपेला साहेब सावध होते. त्यांनी ते धपकन खाली बसवलं, पाती वाचली.

साहेब माझ्याकडे बघेनात. ते वाईट लक्षण होतं.

शुक्रवार गेला लष्कराच्या मागं. नगरात छावणी आहे, तिथं वायरलेस असणार, त्यांचं काहीतरी आपल्यावर येत असेल, असा माझा तर्क. साहेब स्कूटरवर ओळखीच्या माणसाकडे जाऊन आले. आमच्या फ्रिक्वेन्सीच्या जवळपासही त्यांचं काही नव्हतं. मी दिवसभर कानाला हेडफोन लावून आमच्या फ्रिक्वेन्सीवर बसले. सगळं शांत.

पाच वाजता साहेब टेबलाशी आले. "आता छावणीही झाली. पुढं कुणाचं नाव घेणार?"

"सर, रिसीव्हरमध्ये दोष नाही, असं मला वाटतं."

"वाटतं? वाटण्यावर मी विमान उडवू? गेल्या महिन्यापर्यंत हे हेलिकॉप्टर नीट उडत होतं. तुम्ही रिसीव्हरमध्ये नवा बोर्ड लावलात आणि हे सुरू झालं. उद्या दुपारपर्यंत सापडलं नाही तर मी समितीला तार करतो. येऊ नका म्हणून."

त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. मीही तेच गणित रोज करत होते आणि रोज उत्तर माझ्याच नावावर येत होतं. खोलीवर गेले, जेवण केलं नाही. खोटं कशाला बोलू, रडले.

शनिवारी सकाळी मी ठरवलं, आता उडवायचं नाही. मोठी पाती काढून टाकायची, हेलिकॉप्टर टेबलाला आवळून बांधायचं आणि इंजिन चालू ठेवून रेंज टेस्ट करायची. मिस्त्रींनी लाकडाचे ठोकळे लावून ते शिकंज्यात असं आवळलं की टेबल हललं असतं पण ते हललं नसतं.

इंजिन सुरू झालं. मी चालायला लागले. विसाव्या पावलाला शेपटीचा सर्व्हो थरथरायला लागला, पंचविसाव्याला त्यानं झटका दिला. इंजिन बंद केलं. साठ पावलं, एकदम साफ.

म्हणजे दोष इंजिन चालू असतानाच. मोटारीच्या इंजिनात ठिणगी पडते आणि ठिणगीनं रेडिओ खरखरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण या छोट्या इंजिनात ठिणगी नसतेच, एक तापलेली तार असते. मग उरली थरथर. थरथर रिसीव्हरला सोसत नसेल तर रिसीव्हर बाहेर काढून बघू. मी डबा हेलिकॉप्टरातून काढला आणि तारा तशाच ठेवून शेजारच्या स्टँडवर सायकलच्या रबरी ट्यूबच्या पट्टीनं टांगला. आता इंजिन कितीही थरथरो, डब्याला धक्का नाही. एरियलची तार मात्र शेपटीच्या बाजूनं पूर्वीसारखीच होती.

इंजिन चालू. वीस पावलं. शेपटी थरथरली.

खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं. डबा निर्दोष होता. जे काही येत होतं ते बाहेरून, एरियलवाटे येत होतं. आणि ते याच टेबलावरून येत होतं.

चहाची वेळ झाली, सगळे बाहेर गेले. मी रिसीव्हरच्या पोटातून दोन तारा काढून हेडफोनला जोडल्या. आता रिसीव्हरला जे ऐकू येतं ते मला ऐकू येणार. ट्रान्समीटर आवाराच्या टोकाला चालू करून ठेवला होता. कानात त्याची गुणगुण येत होती, एकसारखी. इंजिन बंद. मी हातानं हेलिकॉप्टरचा एकेक भाग हलवायला लागले. पुढची दांडी हलवली, गुणगुण. मधली हलवली, मध्येच बारीकशी खर्र. शेपटीची लांब दांडी हलवली आणि कान फाटेल अशी खरखर.

एका जागी बोट थांबलं. सर्व्होचा हात आणि दांडी यांना जोडणारा एक चिमटा असतो, करंगळीच्या नखाएवढा. तो चिमटा पितळेचा होता आणि त्यात अडकलेली खीळ पोलादाची. मी वहीच्या कागदाचा कपटा फाडून दोघांच्या मध्ये सारला. दांडी हलवली. गुणगुण. कपटा काढला. खरखर.

मी खाली बसले. दोष सापडला होता, आणि तो मिस्त्रींच्या पितळेत होता.

मिस्त्रींबद्दल सांगायला हवं. ते बेलापूरचे. तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये काढलेली, मग साहेबांनी त्यांना आणलं. नगरात खोली करून राहायचे, शनिवारी एसटीनं घरी. साहेब सोडले तर शेडमधला सगळ्यांत वडीलधारा माणूस. बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावायचे आणि सांगायचे, "आठ दिस चालंल, मंग जाईल." नवव्या दिवशी ते जायचं.

महिन्याभरापूर्वी हेलिकॉप्टर एकदा पडलं होतं, तेव्हा जर्मन किटमधला एक चिमटा तुटला. तो पांढऱ्या नायलॉनचा होता. मिस्त्रींनी तो तुकडा तळहातावर घेतला आणि म्हणाले, "एवढं जर्मनीचं यंत्र, आन जोड पलास्टिकचा? यान्ला पितळ मिळालं न्हाई व्हय?" दोन दिवसांत त्यांनी आठच्या आठ चिमटे पितळेचे केले. इतके सुबक की घड्याळात बसवावेत. साहेबांनी ते शेडभर फिरवले, सगळ्यांसमोर मिस्त्रींशी हात मिळवला आणि म्हणाले, "याला काम म्हणतात." टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पुढं होते.

त्याच आठवड्यात माझा नवा बोर्ड लागला, आणि त्यानंतर हेलिकॉप्टर पहिल्यांदा उडालं ते या बुधवारीच. दोन बदल एकदम झाले. एकाचं कौतुक झालं, म्हणून त्याच्याकडे कुणी संशयानं बघितलंच नाही. मीसुद्धा नाही.

धातूवर धातू घासला की काय होतं? दोघांचा स्पर्श सेकंदाला शेकडो वेळा जुळतो आणि तुटतो, आणि प्रत्येक वेळी रेडिओत एक टिचकी वाजते. घरात दिव्याचं बटण दाबलं की रेडिओत खट्ट होतं, तसंच. त्यातून शेपटीची दांडी लांब आणि एरियलची तार तिच्या अंगाला लागून. जवळून बोललं तर ट्रान्समीटरचा आवाज मोठा असतो, खरखर दबते. लांब गेलं की खरखर वरचढ होते आणि रिसीव्हरला ती हुकूमच वाटते. उडताना मोठ्या पात्यांची थरथर वाढते, तेव्हा तर जवळूनही. जर्मनांनी नायलॉन घातलं होतं ते स्वस्त म्हणून नव्हे.

साहेबांची केबिन दहा पावलांवर होती. चार दिवस माझ्या नावानं ठणाणा चालला होता. मी आत जाऊन दोन वाक्यं बोलले असते तर सुटले असते. पण मिस्त्रींना ते साहेबांच्या तोंडून कळावं, हे मला बरं वाटेना. मी त्यांना चहावरून बोलावून आणलं.

"मिस्त्री, जरा ऐकता का? मला आवाज ओळखता येत नाही." हे खोटं होतं, पण पापाचं खोटं नव्हतं.

त्यांनी टोपी काढून हेडफोन चढवला. त्यांनी नेहमीच्या सवयीनं एकेक दांडी हलवून बघितली. शेपटीच्या दांडीपाशी त्यांचा हात थबकला. पुन्हा हलवली. मग चिमटा बोटांत धरून दाबला. आवाज थांबला. सोडला, सुरू झाला. त्यांनी डोळे मिटले.

"ह्ये तर माझं पितळ बोलतंय," ते म्हणाले.

मी कागदाचा कपटा दाखवला. त्यांनी तोही मध्ये घालून बघितला. मग हेडफोन काढून टेबलावर अलगद ठेवला.

"पलास्टिक बगून मला हासू आल्तं, बाई. त्येंनी इचार करून लावलं हुतं. म्या इचार न करता काडलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आन बोलनी तुमी खाल्ली. चार दिस."

"असू द्या, मिस्त्री. कुणाच्या ध्यानात आलं असतं?"

"न्हाई. माज्या यायला पायजे हुतं. आवाजाचं मानूस मी."

ते सरळ केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. "साहेब, बाईंचा डबा चांगला हाय. दोष माज्या कामात हाय." साहेब काय बोलले ते ऐकू आलं नाही. शनिवारी आम्हाला अर्धा दिवस. मिस्त्रींनी खुंटीवरची पिशवी घेतली, पायात चपला अडकवल्या आणि कुणाशी न बोलता एसटी स्टँडकडे चालू लागले. आमचा ड्रिलिंगवाला हसत म्हणाला, "मिस्त्रींचं पितळ उघडं पडलं." कुणी हसलं नाही. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मशीन पुसायला लागला.

साहेबांनी तार केली नाही. पण मला विचारलं, "परत येतील का हो?"

"येतील सर," मी म्हणाले. माझी खात्री नव्हती.

रविवारी सकाळी मी आणि साहेब दोघंच शेडमध्ये. कारण कळलं होतं, औषध नव्हतं. नायलॉनचे जुने चिमटे मिस्त्रींनी कचऱ्यात टाकले होते. मी सायकलच्या वॉल्व्हट्यूबचे तुकडे खिळीवर चढवले. खरखर गेली, पण रबर दबतं, त्यामुळे दांडीला ढिलाई आली. साहेबांनी उडवून बघितलं. शेपटी दारुड्यासारखी झुलत होती. "हे समितीला दाखवायचं?" साहेबांनी ते खाली घेतलं. मग मी टूथब्रशची मूठ कापून भोक पाडायला गेले, ती चिरली. दुसरी आणली, तीही चिरली. बारा वाजता मी हात टेकले.

दोनच्या सुमाराला दारात मिस्त्री उभे. हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं बैलाचं शिंग काढलं.

"ह्ये चालंल का बगा, बाई. ईज जात न्हाई यातनं. कठीन हाय, चिरत न्हाई. आन लेथवर नुसतं लोन्यावानी निगतं."

मी त्याला मीटरच्या दोन तारा लावून बघितल्या. वीज जात नव्हती.

"कुठून आणलंत?"

"घरच्या बैलाचं हाय. गेल्या साली दुस्काळात गेला. पानी न्हाई, वैरन न्हाई. चारा-छावनीत न्हेला, तरी गेला. शिंग तेवढं ठिवलं हुतं. कशापायी, ते मला बी ठाव न्हाई." त्यांनी शिंग शिकंज्यात धरलं. "घरात बसून त्ये काय करनार?"

त्यांनी करवत लावली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. ते मात्र रोजच्यासारखे काम करत होते.

लेथवर शिंग चढलं आणि शेडभर केस जळाल्याचा वास सुटला. ज्वारीच्या दाण्याएवढ्या काळ्याभोर नळ्या निघायला लागल्या. पितळी चिमट्यांची भोकं मोठी करून प्रत्येकात एकेक नळी दाबून बसवली, म्हणजे खीळ शिंगात फिरणार आणि पितळ तिला शिवणार नाही. अशी नळी म्हणजे बुश. दहा बुश करायला अडीच तास लागले. दोन त्यांनी स्वतःच नापास केले.

उन्हं उतरायच्या आत आम्ही टेस्ट घेतली. इंजिन चालू, एरियल आत. वीस पावलं, तीस, पन्नास, साठ. हेडफोन मिस्त्रींच्या कानाला होता. त्यांनी हात वर केला आणि वरच ठेवला. मग साहेबांनी ते उडवलं. इंधन संपेस्तोवर ते छातीएवढ्या उंचीवर खिळल्यासारखं उभं होतं.

साहेबांनी हात पुढं केला.

"आत्ता नको साहेब," मिस्त्री म्हणाले. "मागल्या बारीला हात मिळवला आन तोंडघशी पडलो. उद्या व्हऊन जाऊ द्या."

सोमवारी दहा वाजता समितीची जीप आली. तीन माणसं. प्रमुख होते ते सडसडीत, कमी बोलणारे, मराठी माणूस. त्यांनी सेट टेबलावर ठेवून घेतला, माझ्या टेस्टच्या वह्या चाळल्या आणि साहेबांना विचारलं, "आजवर या सेटमध्ये काय काय बिघडलं?"

"काही नाही," साहेब म्हणाले. साहेबांचंही चुकलं नाही. समितीसमोर कोण आपलं दुखणं सांगतं?

प्रमुखांनी वही मिटली. "काहीच बिघडलं नाही, म्हणजे तुम्ही नीट तपासलेला नाही. आमच्याकडं तोफेच्या तोंडी कधी बिघडेल ते मग आम्ही शोधायचं का?" ते घड्याळाकडे बघायला लागले. साहेबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं.

मागून आवाज आला. "बिगडलं हुतं साहेब. म्या बिगाडलं."

मिस्त्री टोपी हातात घेऊन पुढं आले. साहेबांनी डोळ्यांनी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला. मिस्त्रींनी तिकडं बघितलंच नाही. त्यांनी नायलॉन, पितळ, चार दिवस, बाईंनी खाल्लेली बोलणी, सगळं सांगितलं. त्यांच्या भाषेत, न अडखळता. शिंगाचंही सांगितलं. बैलाचं नाही सांगितलं.

"तो बिघाड मला दाखवू शकता?" प्रमुखांनी विचारलं.

"व्हय. बुश काडतो."

शेपटीच्या दांडीचे दोन बुश काढून पितळ उघडं केलं. प्रमुखांनी स्वतः हेडफोन चढवला. इंजिन सुरू केलं आणि ट्रान्समीटर घेऊन मी चालायला लागले. विसाव्या पावलाला त्यांनी तोंड वाकडं करून हेडफोन कानापासून लांब धरला. मिस्त्रींनी बुश पुन्हा बसवले. मी पुन्हा चालले. साठाव्या पावलाला वळून बघितलं तर ते हेडफोन धरून मान डोलवत होते.

त्यानंतर साहेबांनी हेलिकॉप्टर उडवलं. शेपटी जागची हलली नाही.

जाताना प्रमुख आमच्या साहेबांना म्हणाले, "बिघाड दाखवणारे तुम्ही पहिले. बाकी सगळे लपवतात." मग मिस्त्रींकडे वळून म्हणाले, "पितळेचं काम सुंदर आहे हो." मिस्त्री कानापर्यंत लाल झाले. जीप वळल्यावर साहेबांनी पुन्हा हात पुढं केला. या खेपेला मिस्त्रींनी तो घेतला. मग साहेबांनी माझ्यासमोर येऊन, "मिस नवले, माझं चुकलं," असं स्वच्छ मराठीत म्हटलं. मी पाच वर्षं तिथं होते, हे वाक्य पुन्हा ऐकलं नाही. एकदा पुरलं.

ऑर्डर आली. पहिला लॉट छोटा होता, पण शेड परत करावी लागली नाही. खात्यानं पत्रानं बुशच्या मटेरियलचं नाव विचारलं. मी 'बैलाचे शिंग' असं लिहून पाठवलं. त्यांच्या कुठल्याच यादीत ते नव्हतं, म्हणून पुढच्या सेटना मुंबईहून नायलॉनचा रॉड मागवला. मिस्त्रींनी तो आधी दातानं चावून बघितला आणि मगच लेथवर चढवला.

पुढं माझ्या हाताखाली माणसं आली तेव्हा मी त्यांना सांगायची, बिघाड झाला की शेवटी काय बदललं ते आधी विचारा. आणि दोन बदल झाले असतील तर ज्याला टाळ्या पडल्या तो आधी काढून बघा. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.

मिस्त्री निवृत्त होईपर्यंत त्यांनी केलेला प्रत्येक नवा भाग आधी माझ्या टेबलावर यायचा. कितीही साधा असो, रेडिओशी संबंध नसलेला असो, एकदा तर शेडच्या दाराची कडीसुद्धा आली. भाग ठेवायचे, हेडफोन माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "बाई, आदी ऐका. मंग कवतिक करा."